अनुभव धागा : आपल्या जीवनात आत्म्याचे फळ केव्हा आणि कसे आले?

ओंजळ
कपाट आवरताना २० वर्षांपूर्वीची एक नोंदवही सापडली आणि हात तिथेच थांबला. विश्वासात नवीन होते तेव्हा बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातील आत्म्याचे फळ, म्हणजे पवित्र आत्मा जीवनात घडवतो ते प्रीती, आनंद, सहनशीलता असे गुण, मी नऊ रकान्यांत मांडले होते आणि दर शनिवारी रात्री स्वतःला दहापैकी गुण देत होते. एका पानावर सहनशीलतेपुढे आधी ८ लिहून, ते खोडून ६ केलेले आहेत. त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीशी एका शब्दावरून मी अबोला धरला होता आणि तो पुढे १४ महिने टिकला. वहीत तो अबोला कुठेच नाही.

नंतर बायबल अभ्यासात पाळकांनी दाखवून दिले की ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने गुण नऊ सांगितले असले तरी मूळ ग्रीकमध्ये ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. म्हणजे सौम्यता बाजूला ठेवून आनंद तेवढा वाढवावा, अशी सोय त्यात नाही. मग एका पहाटे योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय, ज्यात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो, तो वाचत असताना ‘राहा’ या शब्दाशी मी अडले. ४ ते १० या सात वचनांत मूळ भाषेतील ते क्रियापद दहा वेळा येते. ‘फळ द्या’ अशी थेट आज्ञा शोधू लागले तर ती सापडेना, ‘माझ्यामध्ये राहा’ हीच सापडत गेली. उजाडल्यावर बहिणीला फोन केला. मी क्षमेचे वाक्य जुळवीत होते, तोवर तीच म्हणाली, “तुझा आवाज बसलाय का गं?” आणि आम्ही दोघी रडलो.

आपणही असे प्रसंग येथे लिहावेत, अशी मनापासून विनंती आहे.

मोहरी
छाटलेल्या द्राक्षवेलीच्या जखमेतून कित्येक दिवस पाणी ठिबकत राहते. ते ज्याने जवळून पाहिले आहे त्याला त्या अध्यायातले दुसरे वचन वेगळेच ऐकू येते, कारण माळी वाळलेलाच नव्हे तर फळ देणारा फाटाही छाटतो. मी १८ वर्षे मंडळीत गायन चालवीत होतो. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज गेला आणि मी शेवटच्या बाकावर बसू लागलो. शेजारी एक विधुर गृहस्थ बसत. इतक्या वर्षांत त्यांच्याशी हस्तांदोलनापलीकडे माझा संबंध आला नव्हता. बोलता येत नसल्यामुळे त्यांचे ऐकणे मला भागच पडले. वर्षभराने त्यांनी माझ्या हातात घडी घातलेली चिठ्ठी ठेवली. तिच्यात एवढेच होते : ‘आता मी रविवारची वाट पाहतो.’ ती अजून माझ्या पवित्र शास्त्रात आहे.

निवांत
मोहरीदादा, तुमची साक्ष वाचून डोळे भरून आले. तरीही एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. माझे बाळ गेले तेव्हा एका भगिनीने त्याच्या उशाशी उभे राहून मला सांगितले की देव तुझी छाटणी करीत आहे. त्या वाक्यामुळे मी तीन वर्षे उपासनेला गेले नाही. हा शब्द ज्याच्यावर कात्री चालली त्याने, त्याला वाटेल तेव्हा, उच्चारावा. पाहणाऱ्याने तो त्याच्यावर लादू नये. भाऊ लाजर गेल्यावर मरिया पायांशी पडून रडू लागली तेव्हा प्रभू तिच्याबरोबर रडला, हे वाचून मी परत आले.

मोहरी
निवांतताई, तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. माझ्या आजारपणात तसे कोणी म्हणाले असते तर मीही उठून गेलो असतो. तुमच्या बाळाची आठवण आज प्रार्थनेत करीन.

पायवाट
घरातली मंडळी झोपली आहेत तेवढ्यात लिहिते. सात वर्षे संडे स्कूलमध्ये शिकवीत आहे, पण एकाही मुलाच्या जीवनात बदल झालेला मला दिसलेला नाही. या धाग्यावर लिहावे की नाही, असाच संकोच वाटत होता.

दीपमाळ
पायवाटताई, सात वर्षे हा आकडा वाचून इंग्लंडहून भारतात आलेले मिशनरी विल्यम कॅरी आठवले. ते १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये बंगालमध्ये उतरले आणि कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरअखेरीस. मधल्या काळात त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला आणि पत्नी डॉरथी यांचे मन कायमचे ढासळले. त्या वर्षांना निष्फळ म्हणायला माझी जीभ वळत नाही. मात्र डॉरथींनी काय सोसले हे गाळून ही कथा प्रेरणेसाठी सांगितली जाते, तेव्हा मला ते खटकते. पौलाने करिंथकरांना लिहिले की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढविले ते देवाने. तुमच्याकडे पाणी घालण्याचे काम असेल, तर फळ मोजण्याचा भार तुमच्यावर नाही.

निवांत
पायवाटताई, माझ्या त्या तीन वर्षांनंतरच्या परतण्यात जिचाही वाटा होता ती शेजारीण दुसरीकडे राहायला गेली होती. मी परतले हे तिला आजही ठाऊक नाही.

ओंजळ
निवांत, तुमचे हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात तीन वर्षे फळ न दिलेल्या अंजिराच्या झाडासाठी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालीन म्हणतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. पुढच्या वर्षी काय झाले हे प्रभूने सांगितलेले नाही. पायवाट, शनिवारी रात्री मी आणि माझी बहीण आता फोनवर एकत्र प्रार्थना करतो. तुमच्या वर्गात मुले किती आहेत ते कळवाल का?

पायवाट
अकरा आहेत. त्यांतला एक जण दोन वर्षांत वर्गात एकही शब्द बोललेला नाही, पण दर रविवारी सर्वांच्या आधी येऊन बसतो. त्याच्यापासून सुरुवात करा.