शॉर्टफिल्ममधली माणुसकी एवढी स्वस्त का?

रातकिडा:
जात, धर्म, रंग काहीतरी वेगळं असलेली दोन माणसं भेटतात, आधी संशयाने बघतात, मग एकजण दुसऱ्याला काहीतरी देतो, डोळ्यात पाणी, मागे पियानो, संपलं. असल्या शॉर्टफिल्मचा वैताग आलाय. दहा मिनिटांत पूर्वग्रह जात असते तर काय हवं होतं! आणि दरवेळी गरीब किंवा काळा माणूसच चांगुलपणाचा धडा द्यायला का उभा? त्याला स्वतःचं चिडणं, कंटाळणं काही नाहीच, समोरच्याला सुधारायलाच जन्मलाय जणू. हा विषय शॉर्टफिल्मच्या आवाक्यातला नाहीच.

मनमौजी:
पटलं नाही बुवा. अ‍ॅडम डेव्हिडसनची 'द लंच डेट' बघ, १९९० ला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये शॉर्टफिल्मचं पाम द'ओर म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, पुढच्या वर्षी ऑस्कर. (बघायची असेल त्यांनी पुढचं वाचू नका.) न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर गाडी चुकलेली श्रीमंत गोरी बाई सॅलड टेबलावर ठेवून काटा आणायला जाते, येऊन बघते तर एक काळा माणूस ते खातोय, मग ही पण त्याच्यासमोर बसून त्याच प्लेटमधून खायला लागते आणि नंतर कळतं की हिचं सॅलड शेजारच्या टेबलावर तसंच पडलंय! तिच्याबरोबर आपणही त्याला चोर ठरवलेलं असतं. पियानो कुठे आला यात?

रातकिडा:
अरे पण त्यात पुढे तिला कॉफी कोण आणून देतं? तोच. ज्याचं जेवण खाल्लं त्यानेच वर पाहुणचार करायचा. बाई हसते आणि गाडी पकडते, माफी मागायला तो तिथे नसतोच, किती सोयीचं.

खिडकीजवळची सीट:
मग तुला 'श्वार्ट्सफारर' आवडेल, पेपे डँक्वार्टची, १९९४ चं ऑस्कर. बर्लिनच्या ट्राममध्ये एक म्हातारी शेजारच्या काळ्या तरुणाला ऐकवत परदेशी लोकांबद्दल वाट्टेल ते बोलत राहते. बाकीचे प्रवासी चिडीचूप. तिकीट चेकर आल्यावर तो तरुण तिचं तिकीट हिसकून चक्क खाऊन टाकतो! संत वगैरे अजिबात नाही.

मनमौजी:
भारी आहे पण तो सूड झाला, जवळीक कुठे आहे? बघणारा टाळ्या वाजवून मोकळा. मला तर त्या गप्प बसलेल्यांचाच जास्त राग आला, म्हातारीला निदान तिकिटाचा फटका तरी बसला, ह्यांना काहीच नाही.

आडवा प्रश्न:
तुम्ही दोघं एका भेटीवरच अडकलाय. 'द सायलेंट चाइल्ड' (२०१७, ऑस्कर २०१८) मध्ये चार वर्षांच्या बहिऱ्या मुलीला एक सोशल वर्कर साइन लँग्वेज शिकवते, पोरगी खुलते, जीव जडतो आणि मग आईच ते शिकवणं बंद करते कारण घरच्यांना तिने ओठ वाचून बोलायला हवंय. म्हणजे जवळीक होते, खरी होते, तरी घर आणि शाळा बदलत नाही म्हणून मूल परत एकटं. मुलीचं काम करणारी मेसी स्लाय खरोखर बहिरी आहे, म्हणून ते नुसतं दया दाखवणं वाटत नाही. हे सगळं २० मिनिटांत बसलंय रातकिडा.

रातकिडा:
२० मिनिटं आहेत ना, तेच म्हणतोय, दहात नसतं जमलं.

आडवा प्रश्न:
पण २० मिनिटांची पण शॉर्टफिल्मच की! ऑस्करला ४० मिनिटांपर्यंत चालते. तू तर विषयच आवाक्याबाहेरचा म्हणत होतास, आता घड्याळावर आलास.