शब्दचर्चा : दुकानदार ‘अटक’ करतो, ‘पकडतो’ की ‘कोंडतो’?

मुद्रितशोधक :
एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीची मुद्रितं रात्रपाळीत तपासतो. परवा बातमी आली ती अशी. कापडाच्या दुकानात एका बाईच्या पिशवीत १,८०० रुपयांचा ड्रेस सापडला. मालकाने ड्रेस काढून घेतला, बाईला मागच्या खोलीत दोन तास बसवून ठेवलं, मग पोलिसांना फोन केला. बातमीदाराचा मथळा होता : ‘दुकानदाराने केली महिलेला अटक’. मी ‘अटक’ खोडून ‘पकडले’ केलं. तो म्हणाला, फरक काय? मला धड सांगता येईना. अटक पोलिसांनीच करायची असते ना? आणि त्या दोन तासांना नेमका शब्द कोणता?

बखरवाचक :
‘अटक’ या शब्दाच्या अंगावर मुळात खाकी नाही. अडथळा, मनाई, आडकाठी हा त्याचा घरचा अर्थ. ‘अटकाव’ हा त्याचा भाऊ अजून त्याच अर्थाने वावरतो. १७५८ साली मराठी फौजा गेल्या ते अटक गाव वेगळं, पण ‘अटकेपार’ म्हणताना आपल्या मनात आडकाठी ओलांडल्याचाच अर्थ असतो. तेव्हा नुसत्या भाषेच्या बाजूने पाहिलं तर दुकानदाराने अटक करायला हरकत नसावी. कायद्याचं वकील मंडळींनी सांगावं.

बिनपगारी वकील :
सांगतो. अटक फक्त पोलीसच करतात हा समज चुकीचा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३ मध्ये खाजगी व्यक्तीने करायच्या अटकेची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० आलं. आपल्यासमक्ष कोणी अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा केला, तर कोणीही माणूस त्याला अटक करू शकतो. मात्र विनाकारण वेळ न लावता, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचं. सहा तासांची ही मर्यादा नवीन आहे. पूर्वी फक्त ‘अनावश्यक विलंब नको’ एवढंच होतं.

गंमत त्या ‘आणि’मध्ये आहे. ३० जून २०२४ पर्यंत साधी चोरी, मग ती साबणाच्या वडीची का असेना, दखलपात्रही होती आणि अजामीनपात्रही. म्हणजे तुमच्या बातमीदाराचा मथळा तेव्हा बरोबर ठरला असता! आता चोरीची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा माल असेल, पहिलाच अपराध असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात ही ५,००० च्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र म्हणून दाखवली आहे. पोलीसठाण्याच्या बोलीत ‘एनसी’, म्हणजे नॉन-कॉग्निझेबल. तिथे पोलिसालाही वॉरंटशिवाय अटक करता येत नाही, दुकानदाराला कुठून येणार? १,८०० च्या ड्रेससाठी ‘अटक’ हा शब्द बसत नाही.

पेठेतला दुकानदार :
वकीलसाहेब, मग आम्ही हात जोडून ‘परत या’ म्हणायचं का? साड्यांचं दुकान चाळीस वर्षांचं आहे. लग्नसराईत गादीवर पन्नास साड्या उलगडून पडलेल्या असतात, त्यातली एक पदराखाली गेली तर कळतही नाही. बिल फाडायच्या आधी चिठ्ठीवर कोणती साडी कुठल्या किमतीची हे बघतो तेव्हा उजेड पडतो.

शब्दांचं म्हणाल तर आमच्याकडे कोणी ‘चोरी केली’ म्हणत नाही. ‘हात मारला’ म्हणतात. लहान वस्तू ‘ढापली’, मोठी ‘लांबवली’, आणि दोघी-तिघी बोलण्यात गुंतवून करतात ती ‘हातचलाखी’. ‘डल्ला’ मात्र रात्री शटर उचकटून मारतात, दिवसा नाही. पोरं आता ‘शॉपलिफ्टिंग’च म्हणतात.

बिनपगारी वकील :
हात जोडायची गरज नाही, काका. माल वाचवायचा हक्क वेगळा आणि माणूस धरायचा हक्क वेगळा. मालमत्तेच्या खाजगी बचावाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे, आणि तो चोरीला लागू होतो. तिथे दखलपात्र-अदखलपात्र बघत नाहीत. दारात आडवं होऊन पिशवीतली साडी परत घ्या, त्याला लागेल एवढाच जोर वापरा. पण न्याय संहितेचंच कलम ४३ वाचा : चोर माल घेऊन निसटला, किंवा सरकारी मदत पोचली, किंवा माल परत मिळाला, की हा हक्क संपला. बातमीतल्या मालकाच्या हातात ड्रेस आला त्या मिनिटाला त्याचं हे कवच गळून पडलं. पुढचे दोन तास त्याने स्वतःच्या जोखमीवर काढले.

मुद्रितशोधक :
म्हणजे माझा खरा प्रश्न त्या दोन तासांचाच. ‘ताब्यात घेतले’ लिहू? की ‘स्थानबद्ध’?

बखरवाचक :
‘स्थानबद्ध’ नको, कृपा करून. तो सरकारी हुकमाने, गुन्हा घडण्याआधीच आत टाकण्याचा शब्द आहे. ‘ताब्यात घेतले’ हल्ली पोलिसांच्या नावे इतक्या वेळा छापून येतं की वाचणाऱ्याला गणवेशच दिसतो.

राजभाषेचा जुना कारकून :
निवृत्त आहे, पण कायद्याचा मराठी अनुवाद हाताखालून गेला आहे. न्याय संहितेच्या आधीच्या भारतीय दंड संहितेत दोन गुन्हे होते, कलम ३३९ आणि ३४०. आता न्याय संहितेत १२६ आणि १२७. मराठीत त्यांना गैरनिरोध आणि गैरपरिरोध म्हणतात. हिंदीवाले ‘सदोष अवरोध’ म्हणतात, मला तो कधी आवडला नाही. दोष रोधात नसतो, रोधणाऱ्यात असतो.

दोन्हींतला फरक ‘परि’मध्ये आहे. परिघ, परिसर, परिक्रमा यांतलाच हा ‘परि’, म्हणजे सभोवार. जिकडे जायचा हक्क आहे तिकडे जाऊ दिलं नाही की निरोध. चारी बाजूंनी हद्द आखून तिच्याबाहेर पडू दिलं नाही की परिरोध. दारात हात आडवा केला तो निरोध, मागच्या खोलीत बसवलं तो परिरोध. निरोधाला एक महिन्यापर्यंत साधी कैद, परिरोधाला एक वर्षापर्यंत कैद, आणि दंड दोन्हींना आता ५,००० रुपयांपर्यंत.

बोलीत म्हणाल तर निरोध म्हणजे ‘अडवणं’ आणि परिरोध म्हणजे ‘कोंडणं’ किंवा ‘डांबणं’. पण एक खोच आहे. मराठीत कोंडायला दार लागतं, कडी लागते. कोंडवाड्यालाही फाटक असतं. कायद्याला कडी लागत नाही. जुन्या संहितेतलं उदाहरण असं : इमारतीच्या दारांवर बंदूकधारी माणसं उभी केली आणि आतल्याला सांगितलं की बाहेर पडलास तर गोळी घालतील. दार उघडं आहे, तरी परिरोध झाला. ‘बसवून ठेवलं’ हा तुमचा सौम्य वाटणारा शब्द म्हणून फसवा आहे. उठून जाता येत होतं का, एवढंच विचारायचं.

न्यू जर्सीकर :
इथे याच गोष्टीला ‘शॉपकीपर्स प्रिव्हिलेज’ म्हणतात. आमच्या राज्याच्या कायद्यात दुकानदाराला स्पष्ट मुभा आहे : पैसे न भरलेला माल मुद्दाम लपवलाय असं मानायला सबळ कारण असेल, तर माल परत मिळवण्यासाठी ग्राहकाला वाजवी रीतीने, वाजवी वेळेपुरतं थांबवून ठेवता येतं. कॅलिफोर्नियात तर हातातली पिशवी आणि पर्ससुद्धा तपासता येते, अंगावरचे कपडे मात्र नाही. मराठी मंडळाच्या पत्रिकेत यावर लिहायचंय. ‘दुकानदाराचा विशेषाधिकार’ चालेल?

राजभाषेचा जुना कारकून :
‘विशेषाधिकार’ म्हटलं की इकडच्या वाचकाला विधिमंडळातला हक्कभंग आठवतो. ‘दुकानदाराची मुभा’ लिहा. तुमच्याच वाक्यात तो शब्द आपोआप आलाय बघा.

बिनपगारी वकील :
आणि भारतात अशी वेगळी मुभा नाही हेही लिहा. इथला दुकानदार कायद्याच्या नजरेत रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाएवढाच. झडतीचंही तसंच. खाजगी माणसाने अटक केली तरी अंगझडती पुढे पोलिसाने घ्यायची, आणि बाईची झडती बाईनेच, सभ्यता काटेकोर सांभाळून. मॉलच्या दारातला रक्षक पिशवी ‘दाखवा’ म्हणतो ती विनंती असते. तिला झडती म्हणणं म्हणजे शब्दाची उधळपट्टी.

पेठेतला दुकानदार :
आमच्या वडिलांच्या वेळी भिंतीवर ‘उचल्यांपासून सावध’ अशी पाटी होती.

भटक्यांची लेक :
ती पाटी उतरवली असेल अशी आशा करते, काका. शब्दकोशात ‘उचलेगिरी’ म्हणजे किरकोळ चोरी, पण उचल्या हे एका जमातीचं नाव आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटका झाली. आमच्यातल्या बाया अजूनही साडीच्या दुकानात शिरल्या की गादीवरचा माणूस साड्या आवरायला लागतो. शब्द हवाच असेल तर ‘दुकानचोरी’ सरळ आहे.

पेठेतला दुकानदार :
पाटी वडिलांबरोबरच गेली, बाई. आवरण्याचं म्हणाल तर खोटं कशाला बोलू, बरोबर आहे तुमचं.

पुण्याचा शंकासुर :
दोन शंका. वकीलसाहेब ‘समक्ष’ म्हणाले. सीसीटीव्हीवर पाहिलं तर समक्ष का? आणि दुकान ही ‘मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेली इमारत’ नाही का? मग साधी चोरी कशी?

बिनपगारी वकील :
दुसरी शंका मी मुद्दाम टाळली होती, पकडलंत. न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरातली किंवा माल ठेवायच्या इमारतीतली चोरी येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र, आणि ५,००० ची सूट तिथे नाही. दुकानफोडीत याच कलमाचा जुना अवतार, ३८०, नेहमी लागायचा. दिवसाढवळ्या गिऱ्हाइकासाठी उघडं असलेलं दुकान हे ‘विकायची जागा’ की ‘ठेवायची जागा’, यावर कोर्टात दोन्ही बाजूंनी बोलता येईल. सगळी अटक ‘दुकान’ या शब्दाच्या अर्थावर लटकलेली! पण १,८०० च्या ड्रेससाठी स्वतःच्या डोक्यावर परिरोधाचं कलम ओढवून घेऊन हा वाद लढायला माझ्या अशिलाला मी तरी सांगणार नाही.

‘समक्ष’चं : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘त्याच्या दृष्टीसमोर’ अशा अर्थाचे शब्द होते, १९७३ ला ‘उपस्थितीत’ आलं. आदल्या दिवसाचं चित्रण पाहून आज कोणाला धरलं तर ते दोन्हींत बसत नाही. चित्रण पोलिसांना द्या, ११२ लावा.

मुद्रितशोधक :
सर्वांचे आभार. शेवटी मथळा केला : ‘ड्रेस परत घेऊनही महिलेला दोन तास कोंडले’. ‘संशयित’ मजकुरात ठेवलं. बातमीदाराने ‘रंगेहाथ’ घातलं होतं, ते हिंदीतून आलेलं म्हणून नाही, तर तिला ड्रेस पिशवीत टाकताना कोणी पाहिलंच नव्हतं म्हणून काढलं.

बखरवाचक :
छापून काय आलं?

मुद्रितशोधक :
‘महिलेला थांबवले’. दुकानाची दिवाळी पुरवणीत पानभर जाहिरात असते.