पितळी बिजागरीची पिन सारखी वर येते: पिन बदलावी की अख्खी बिजागरी?

गावभागची सून
नमस्कार. आमचं घर सांगलीत, गावभागात. पुढच्या दाराला आजेसासऱ्यांच्या काळातली सागवानी झडप आहे आणि तिला तीन जाड पितळी बिजागऱ्या. २०१९ च्या पुरात हे दार पाण्यात होतं. गाळ काढून धुतलं, पॉलिश केलं, दिसायला छान झालं. पण आता कुरकुरतं, कडीच्या बाजूनं खाली येऊन उंबऱ्याला घासतं. वरच्या बिजागरीची पिन बोटभर वर येते, ठोकून बसवली तरी पुन्हा तेच. खाली तांबूस भुकटी पडते. सुतार म्हणतो, काढून टाका, नव्या स्टीलच्या लावू. मला त्या काढायच्या नाहीत. दार न उतरवता नुसत्या पिना बदलता येतील का?

मिरज हार्डवेअर
सुटी पिन दुकानात सहसा मिळत नाही, बिजागरी पिनेसकटच येते. पण मापाचा स्टेनलेस रॉड आणून लेथवाल्याकडून टोपी असलेली पिन करून घेता येते. कुपवाड एमआयडीसीत असं काम करणारे आहेत. तोवर खोबरेल तेल घालू नका. त्यावर धूळ बसते आणि थंडीत ते थिजतं.

तासगावचा सुतार
ताई, त्या बिजागऱ्या टाकू नका. पितळेला पुराच्या पाण्यानं काही होत नाही, गंजलीय ती आतली लोखंडी पिन. गंज चढला की पिन फुगते, नळीत (बिजागरीच्या पट्टीची कड वळवून केलेली, पिन जाते ती) आवळून बसते, आणि दार उघडलं की एका पट्टीबरोबर स्वतःच फिरायला लागते. फिरत फिरत वर सरकते. तो गंज आणि नळीत राहिलेला बारीक गाळ मिळून पितळेला कानशीसारखे घासतात. तुमची भुकटी तीच.

पिनेवर दाराचं वजन असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. वजन एका नळीवर दुसरी नळी टेकून पेलते. पिन त्या नळ्या एका रेषेत धरते आणि आडवा ओढा सोसते. दाराच्या भारानं वरची बिजागरी चौकटीपासून ओढली जाते, खालची चौकटीवर दाबली जाते. म्हणून वरची पिन आधी झिजते.

पण पिनेला हात लावण्याआधी एक बघा. दार अर्धं उघडून कडीच्या बाजूनं वर उचला आणि कुणाला तरी वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा. पट्टी लाकडावरून हलत असेल तर स्क्रू सैल आहेत, आणि नवी पिन घालूनही दार तसंच घासणार. पट्टी घट्ट आणि नळीच हलत असेल तर पिन गेली.

बदलताना दार मिटून कडी लावा. झडपेखाली दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर अशी बसवा की वजन पाचरीवर येईल, पण दार वर उचललं जाणार नाही. आदल्या रात्री नळ्यांच्या सांध्यात डिझेल सोडा. सकाळी खालून पंच (बोथट टोकाची लोखंडी कांडी) लावून हातोडीनं हळू ठोका. पंच नळीच्या भोकापेक्षा बारीक हवा, नाहीतर नळीचं तोंड पसरतं. पिनेचं खालचं टोक रिव्हेट केलेलं, म्हणजे ठोकून पसरवलेलं, असेल तर आधी ते कानशीनं घासून काढा. तीनही पिना एकदम काढू नका. एक काढा, नवी घाला, मग दुसरी. दार उतरवायचंच असेल तर खालची आधी आणि वरची शेवटी. चढवताना वरची आधी.

माप जुन्या पिनेच्या टोपीजवळ व्हर्निअरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) घ्या, मधला भाग झिजलेला असतो. पिन ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची करा. नळीचं भोक लांबट झालं असेल तर ती बिजागरी सोडवून, दोन्ही पट्ट्या मिटून शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून सगळ्या नळ्या एकदम रीमरनं (भोक मोठं करायच्या हत्यारानं) थोड्या वाढवायच्या आणि तेवढी जाड पिन घालायची. सुटी सुटी नळी वाढवली की रेष चुकते.

काही जण पिन मधे किंचित वाकवून घालतात, म्हणजे वर येत नाही. हलक्या दाराला चालतं. तुमच्या जड झडपेला तसं मुळीच करू नका, पितळ एकाच जागी खाल्लं जाईल.

गावभागची सून
दादा, करून बघितलं. वरची पट्टी हलतेय आणि नळीही. मधली, खालची ठीक आहे.

तासगावचा सुतार
मग आधी स्क्रू. जुन्या भोकात सागाची बारीक काडी फेविकॉल लावून ठोका, वाळू द्या आणि आधीच्यापेक्षा लांब पितळी स्क्रू बसवा. वरची पिन त्यानंतर. मधली आणि खालची पिनही त्याच पुरात भिजलीय, आज ना उद्या तिथंही हेच होणार. लेथवाल्याकडून तीनही पिना एकदमच करून घ्या, बसवा मात्र एकेक.

परळी खोरे, सातारा
आमच्याकडच्या पावसाचा अनुभव सांगतो. श्रावणात सागवानसुद्धा थोडं फुगतं. दार घासतंय म्हणून आत्ता रंधा मारू नका, दिवाळीनंतर फट पडेल. आणि दार बाहेर उघडत असेल तर पिना बाहेरून दिसतात, कुणीही ठोकून काढू शकतो. अशा दाराला पिनेचं खालचं टोक रिव्हेट करूनच घ्या.

गावभागची सून
दार आत उघडतं. रॉडसाठी उद्या माप घेऊन जाते.

तासगावचा सुतार
जुनी पिनच बरोबर न्या, ताई. आणि नवी घालताना ग्रीसचा हात फक्त पिनेवर फिरवा. नळीत भरू नका, ते बाहेर येऊन पॉलिशवर ओघळतं.