मदत हवी आहे: एकच नॉन्स दोनदा वापरणे टाइपनेच कसे रोखावे?

निपाणीतील एका पतसंस्थेसाठी सभासदांची कागदपत्रे ब्राउझरमध्येच वेब क्रिप्टोच्या (ब्राउझरमधील कूटबद्धीकरणाच्या अंगभूत सोयीच्या) एईएस-जीसीएम पद्धतीने कूटबद्ध करणारा कोड मी टाइपस्क्रिप्टमध्ये लिहीत आहे. १२ बाइटचा नॉन्स (एका किल्लीसोबत एकदाच वापरायचे मूल्य) आणि १६ बाइटचा सॉल्ट (पासवर्डवरून किल्ली बनवताना मिसळायचे यादृच्छिक मूल्य) हे दोन्ही युइंट८अ‍ॅरेच (बाइटांची साधी यादी) असल्याने परवा नॉन्सच्या जागी सॉल्ट गेला, तरी कंपायलरने हूं की चूं केले नाही. आणि जीसीएमला १६ बाइटही चालत असल्याने कूटबद्धीकरणही बिनबोभाट पार पडले, हे मला अधिक भयावह वाटले.

त्यानंतर दोघांना वेगळे ब्रँडेड टाइप (आतून सारखेच, पण कंपायलरला वेगळे दिसणारे) दिल्यावर अदलाबदल थांबली. मात्र तोच नॉन्स त्याच किल्लीने पुन्हा वापरल्यास जीसीएमची गोपनीयता आणि प्रमाणीकरण दोन्ही ढासळतात, आणि ते हे टाइप अडवत नाहीत. नॉन्स कूटबद्ध करणाऱ्या फंक्शनच्या आतच तयार करावा हे मान्य आहे; परंतु मोठ्या फाइलींच्या तुकड्यांसाठी तो क्रमांकावरून बाहेर ठरवावा लागतो. रस्ट भाषेतील मालकीच्या नियमांनी (एकदा देऊन टाकलेले मूल्य पुन्हा वापरल्यास कंपायलर अडवतो) हे साधते, पण आमच्या दोघांच्या गटात रस्ट कोणालाच येत नाही.

तेव्हा एकदा वापरलेला नॉन्स पुन्हा दिल्यास कंपाइल करतानाच चूक दिसेल अशी रचना टाइपस्क्रिप्टमध्ये शक्य आहे का, की 'वापरला' अशी खूण ठेवणारा क्लास लिहून तपासणी कोड चालतानाच करावी लागेल?