१५ बाय ११ च्या खोलीत होम थिएटर: सुतार यायच्या आत काय काय ठरवून ठेवू?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात जुनं घर पाडून नवं बांधलंय. वरच्या मजल्यावर एक खोली सिनेमासाठी मोकळी ठेवली आहे. लांबी १५ फूट, रुंदी ११, उंची १०. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. एका लांब भिंतीत रस्त्याकडची खिडकी, समोरच्या लांब भिंतीपलीकडे सासू-सासरे झोपतात (ही भिंत साडेचार इंचीच आहे). दार मागच्या कोपऱ्यात.

एका दुकानदाराने ड्रॉइंग काढून दिलंय: १२० इंची पडदा, ७.१.४ म्हणजे ११ स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर), चारही भिंतींना टोकं असलेला काळा स्पंज, मागच्या भिंतीला टेकवून तीन रिक्लायनर. नवरा आणि मुलगा ड्रॉइंग बघूनच खूश आहेत. बजेट सुतारासकट ३ लाख, त्यात हे सगळं बसत नाही हे मलाही दिसतंय. काय गाळू? स्पंजाने सासऱ्यांची झोप वाचेल का? आणि भिंती काळ्या करायलाच हव्यात का? त्या खोलीत मला भुयारात बसल्यासारखं वाटेल.

सुतार आणि वायरमन दोघेही पुढच्या आठवड्यात येणार आहेत.

दुपारचा_डाव

७५ इंची टीव्ही घ्या आणि मोकळ्या व्हा. मुलगा दुपारी क्रिकेट लावणार, खिडकीतून ऊन येणार, प्रोजेक्टरवर बॉल दिसणार नाही. आमच्याकडे हेच झालंय.

विंगेतला

ताई, मी मिरजेचा. नाटकांच्या दौऱ्यांवर साउंड सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली, आता घरी बसून लोकांच्या खोल्या ऐकत फिरतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी ते ड्रॉइंग बाजूला ठेवा. रिकाम्या खोलीत मधोमध उभ्या राहा आणि एक जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागून ‘ट्रर्रर्र’ असं काही ऐकू आलं, तर तुमच्या ३ लाखांच्या सेटमधून येणाऱ्या प्रत्येक संवादामागेही तेच येणार. गुळगुळीत गिलावा, फरशी आणि स्लॅब आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. मग शब्द कळत नाहीत म्हणून रिमोट वर जातो आणि पलीकडच्या खोलीतून सासरे भिंतीवर ठोकतात. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात लावलेली पातळी आम्हाला रात्री प्रयोगाला कधीच चालायची नाही. खुर्च्या भरल्या की माणसांच्या अंगांनी आणि कपड्यांनी आवाज शोषला जायचा. तुमच्याकडे प्रेक्षक तीनच. उरलेले भिंतींवर टांगायला लागतील.

पण स्पंज नको. तो इंचभर जाडीचा स्पंज फक्त वरचा आवाज खातो, ‘स’ आणि ‘श’ ची धार. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी ११ फुटांच्या वर असते, तिला इंचभर स्पंज म्हणजे काहीच नाही. चारही भिंतींना तो मारलात की बोलणं घोंगडीखालून आल्यासारखं आणि खालचा घुमारा आहे तसाच. अंड्यांच्या ट्रेंचं तर नावच काढू नका. दुसरं म्हणजे आग. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका नाइटक्लबात आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या अशाच फोमवर पडली, १०० माणसं गेली. बंद खोलीत, वायरींच्या शेजारी मी तो लावू देणार नाही.

त्याऐवजी रॉकवूल घ्या, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची गादी, ५० मिलिमीटर जाड, ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो). ते जळत नाही. सुताराकडून साध्या लाकडी चौकटी करून घ्या, आत रॉकवूल, वरून कापड, आणि भिंतीपासून दोन इंच पुढे टांगा. मागे पोकळी राहिली की तोच पॅनेल आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतो. कुठे टांगायचे? तुम्ही जागेवर बसा, मुलाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे पुढचा स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. दोन्ही बाजूंना असंच करा. पडद्याशेजारच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून वरपर्यंत दुप्पट जाडीचे लावा, घुमारा कोपऱ्यांतच साचतो. जमिनीवर जाड जमखाना. मागच्या भिंतीला दार सोडून पुस्तकांचं उघडं शेल्फ करा. जुने दिवाळी अंक घरात असतीलच, ते शेल्फात कमी-जास्त पुढे-मागे ठेवलेत की आवाज विखुरतो. सगळी भिंत मात्र झाकू नका. पार मुक्या झालेल्या खोलीत बसवत नाही.

कापडाची परीक्षा अशी: तोंडाला लावून फुंकर मारा. सहज पलीकडे गेली पाहिजे. मांजरपाट चालतो, तरट चालतं. रेक्झिन आणि जाड सोफ्याचं कापड नाही चालत. तुमच्या भागात घरोघरी जुनी सुती इरकल किंवा चंद्रकळा असते, ती तर उत्तम, गडद असते, फक्त फुंकर मारून बघा.

आता बैठक. मागच्या भिंतीला टेकून बसायचं नाही, एवढं एक नवऱ्याला ठाम सांगा. भिंतीलगत खालचा आवाज फुगतो. तुमच्या १५ फुटांत ३८ हर्ट्झच्या आसपास एक लाट आडवी बसते, ती दोन्ही टोकांना सगळ्यात मोठी आणि बरोबर मधे नाहीशी होते. म्हणून ना भिंतीला, ना मधोमध. डोकं पडद्यापासून साधारण सव्वानऊ फुटांवर येईल असं बसा.

तिथून पडद्याचा हिशोब आपोआप सुटतो. १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो, सव्वानऊ फुटांवरून तो नजरेच्या ४० अंशांपेक्षा थोडा जास्त व्यापतो. सिनेमाला तेवढं भरपूर. १२० इंची पावणेनऊ फूट रुंद. तुमच्या ११ फुटांत दोन्ही बाजूंना जेमतेम फूटभर उरेल, मग डावे-उजवे स्पीकर काय कोपऱ्यात कोंबणार? १०० घेतलात तर ते एकमेकांपासून आठ-नऊ फुटांवर ऐसपैस बसतील.

स्पीकर ५.१ पुरे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. मागचे दोन कानाच्या किंचित मागे, बसल्यावर कानाच्या थोडे वर. हवं तर पुढे छतात दोन, म्हणजे ५.१.२, त्यासाठी आत्ता फक्त वायर टाकून ठेवा. अकरा हलके स्पीकर घेण्यापेक्षा पाच बरे घ्या, आणि त्यातही मधल्यावर पैसा घाला. संवाद सगळा तिथून येतो. सबवूफर तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, ढोलाचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज गोळीबंद ऐकू येईल तिथे त्याला कायमचा बसवा. हसू नका, हे खरोखर असंच करतात.

सासऱ्यांबद्दल. पॅनेल खोलीतला आवाज सुधारतात, बाहेर जाणारा अडवत नाहीत. अडवायला वजन लागतं, आणि भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी जेमतेम ६ डेसिबल कमी होतात. त्यापेक्षा फटी बुजवा. पोकळ फ्लश डोअरऐवजी भरीव दार, चौकटीला रबर, खाली ब्रश. खिडकीला जाड लॅमिनेटेड काच आणि चुण्यांचा जाड पडदा. साडेचार इंची भिंतीपासून सबवूफर लांब ठेवा, खाली जाड रबर घाला. आणि रात्री अकरानंतर रिसीव्हरमधला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरमधला) नाइट मोड, त्यात स्फोट खाली येतात आणि बोलणं वर राहतं.

रंगाचं राहिलं. पडदा पांढरा असतो, त्यावर प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, फक्त प्रकाश टाकत नाही. पडद्यावरून उसळलेला उजेड पांढऱ्या छतावरून परत पडद्यावर आला की रात्रीचा प्रसंग राखाडी होतो. म्हणून पडद्याची भिंत, आणि छत व बाजूच्या भिंती पडद्यापासून चार-पाच फूट, गडद आणि मॅट. काळाच हवा असं नाही, गडद निळा किंवा कॉफी चालेल. पाठीमागे तुम्हाला हवा तो रंग द्या. चकाकणारा ऑइलपेंट मात्र कुठेच नको.

आणि @दुपारचा_डाव, दिवसा क्रिकेट हाच मुख्य उद्योग असेल तर तुमचं बरोबर. पण मग ती खोली थिएटर नव्हे.

झिरी_पक्कड

काकांनी वायरीचं सोडलं, ते मी सांगतो, हाच माझा धंदा. वायरमनला प्रोजेक्टरपर्यंत नेहमीचा पाइप टाकू देऊ नका. एचडीएमआयचं (चित्र-आवाजाच्या केबलचं) डोकं त्यातून जात नाही. निदान दीड इंची पाइप, काटकोनी एल्बो न वापरता मोठे बाक, आत ओढायला तार सोडलेली. अंतर लांब आहे, तेव्हा ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. त्याला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. ओढण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. भिंतीत गेल्यावर उलटी निघाली की काय होतं ते विचारू नका.

लाइटचे पाइप आणि स्पीकरच्या वायरी एका झिरीत (भिंतीत खोदलेल्या खाचेत) नकोत. फूटभर अंतर, ओलांडायचंच झालं तर काटकोनात. सगळ्या यंत्रांना एकाच एमसीबीवरून आणि एकाच अर्थिंगवरून पुरवठा, नाहीतर गुणगुण येते. आणि गिलावा भरण्याआधी प्रत्येक झिरीला टेप लावून फोटो काढा. पुढे पॅनेलसाठी ड्रिल मारताना तोच उपयोगी पडेल.

शिवाजीपेठकर

टाळी वाजवली. ट्रर्रर्र आला, चांगला लांब. मुलाला एवढी मजा वाटली की दिवसभर वाजवत होता. ड्रॉइंग फाडलं नाही, पण १०० इंच आणि ५.१ वर तह झालाय. नवऱ्याची एकच अट, रिक्लायनर राहणार.

चंद्रकळेचं वाचून दाखवलं तर सासूबाईंनी ट्रंकच उघडली. दोन मिळाल्या, एक ठिकठिकाणी विरलेली. त्यांचं म्हणणं, एवीतेवी वाकळेत जाणार होती, भिंतीवर गेली तर काय बिघडलं! शिवाय घरात चार वाकळा आहेत, त्या टांगल्या तर?

दोन शंका. रॉकवूलची कूस कापडातून बाहेर येते का? सासऱ्यांना दमा आहे. आणि लाकडी चौकटींना वाळवी?

विंगेतला

रिक्लायनर असू द्या. फक्त पाठ उंच नको, कान झाकले की मागचे स्पीकर फुकट. मागे पावणेसहा फूट मोकळे आहेत, पूर्ण आडवा होईल.

वाकळ टांगली तर वरचा आवाज थोडा नक्की खाते. खिडकीच्या पडद्यामागे एक अडकवा. खर्जाला तिचा उपयोग नाही.

दम्याचं चांगलं विचारलंत. रॉकवूल आधी पातळ नॉनवोव्हन कापडात सगळ्या बाजूंनी गुंडाळा, पाठीमागूनही, मग वरून चंद्रकळा ताणून स्टेपल करा. विरलेली साडी मांजरपाटाचं अस्तर देऊन लावा. ते काम गच्चीवर करा, मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, आणि सासऱ्यांना त्या दिवशी खाली बसवा. तरीही मन मानत नसेल तर रॉकवूलऐवजी दाट पॉलिस्टर फेल्टचे जाड बोर्ड घ्या. थोडे महाग पडतात, पण खाजत नाहीत.

वाळवीसाठी चौकटी जमिनीला टेकवू नका, मागून औषध मारून घ्या. आणि वर गच्ची असेल तर स्लॅबचं वॉटरप्रूफिंग रंगाच्या आधी. एक पावसाळा ओल आली की पॅनेल खराब होतात.

अजून एक. सुताराला आज माप देऊ नका. रॉकवूलचे तुकडे कुठे १ मीटर बाय ६०० मिलिमीटर मिळतात, कुठे १२०० बाय ६००. माल हातात आला की त्याच मापाच्या चौकटी सांगा, म्हणजे कापाकापी नाही आणि धूळही नाही.

शिवाजीपेठकर

मग सुताराला आधी दार आणि शेल्फच करायला सांगते. माल आम्ही शनिवारी आणतो.