भावाच्या मुलीला अमेरिकेत दत्तक घेणे : दत्तकपत्र आधी की परवानगी आधी?

कोयनाकाठ :
नमस्कार. आम्ही पती-पत्नी न्यू जर्सीत राहतो आणि दोघेही अमेरिकेचे नागरिक आहोत. थोरल्या भावाच्या निधनानंतर त्याची नऊ वर्षांची मुलगी साताऱ्याला वहिनींजवळ आहे आणि वहिनींच्याच इच्छेने आम्ही तिला दत्तक घेण्याचे ठरवले आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, सुट्टीत येऊन दत्तकविधी उरकावा, दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवावे आणि मग व्हिसासाठी अर्ज करावा. हा क्रम योग्य आहे काय? शिवाय, कागद झाल्यावर मुलीशी आपला संबंधच उरणार नाही, ही वहिनींची भीती कितपत खरी आहे?

निंबोणी :
हा क्रम कृपया पाळू नका. भारत आणि अमेरिका हे दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक करारात सहभागी असल्यामुळे तुम्हाला अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे आधी आय-८००ए (दत्तक पालक म्हणून तुमच्या पात्रतेचा) आणि नंतर आय-८०० (त्या ठराविक मुलीसाठीचा) हे अर्ज करावे लागतील. या दुसऱ्या अर्जाला तात्पुरती मंजुरी मिळण्यापूर्वीच दत्तक पूर्ण झाले, तर ते भारतात कितीही वैध असले तरी व्हिसाचे प्रकरण अडते. वडीलधाऱ्यांनी सांगितलेली पद्धत १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याची आहे आणि देशातल्या देशात ती चालते.

तुमचा मार्ग बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ६० चा आहे आणि त्याची सुरुवात साताऱ्यात नव्हे, तर अमेरिकेत होते. ‘कारा’ने, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, मान्यता दिलेल्या तेथील संस्थेकडून होम स्टडी, म्हणजे तुमच्या घराची व कुटुंबाची पाहणी, करून घ्यावी; तीच संस्था तुमची कागदपत्रे काराच्या ‘केअरिंग्ज’ संकेतस्थळावर चढवते. त्यानंतर साताऱ्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुटुंबाची चौकशी करून अहवाल देतो. त्यासोबत वहिनींची लेखी संमती लागते आणि मुलगी पाच वर्षांहून मोठी असल्याने तिचीही संमती घेतली जाते. अमेरिकेकडून हेग करारातील कलम ५ चे पत्र (पालक पात्र असून मुलीला तेथे प्रवेश मिळेल, असे सांगणारे) आल्यावर कारा पूर्वसंमती देते आणि मगच जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करायचा असतो. (हा अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून त्यांच्याकडे आला, म्हणून जुन्या लेखांत न्यायालयाचा उल्लेख आढळतो.) आदेशानंतर काराचे ना हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि व्हिसा हे टप्पे उरतात.

वहिनींची भीती कायद्याच्या दृष्टीने निराधार नाही. आईचे कायदेशीर नाते संपते आणि अमेरिकेच्या कायद्याला ही संमती मागे न घेता येणारी अशीच हवी असते, हे त्यांना स्पष्ट सांगावे; गोड शब्दांत गुंडाळू नये. मात्र त्याच कलम ६० मध्ये, जन्मदात्या पालकांशी व भावंडांशी मुलाचा वेळोवेळी संपर्क राहील अशी सोय दत्तक पालकांनी करून द्यावी, असेही लिहिले आहे. तो मजकूर त्यांना आवर्जून वाचून दाखवा.

सह्यकडा :
वरील उत्तराला थोडी पुरवणी जोडतो. दोन्ही जन्मदाते हयात असते, तर ते मुलीचा योग्य सांभाळ करण्यास असमर्थ आहेत हे अमेरिकेकडे सिद्ध करावे लागले असते. वडील हयात नसल्याने ती अट तुम्हाला लागू नाही, परंतु म्हणूनच भावाचा मृत्यूचा दाखला हा या प्रकरणातील कळीचा कागद ठरतो. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव जन्मदाखल्यात ‘दत्तात्रय’, मृत्यूच्या दाखल्यात ‘दत्तात्रेय’ आणि आधारवर इंग्रजीत तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले सर्रास आढळते. अशा दुरुस्त्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधीच करून घ्याव्यात, कारण आदेशात एकदा चुकीचे नाव उतरले की पुढचा प्रत्येक कागद त्याच नावाने निघतो. तसेच हा मार्ग अमेरिकेच्या नागरिकांसाठी आहे. केवळ ग्रीन कार्ड असलेल्यांना आय-८०० अर्ज करता येत नाही, हे इतर वाचकांनी लक्षात घ्यावे.

कोयनाकाठ :
दोघांचेही आभार. नोंदणी थांबवतो. फक्त घरगुती दत्तकविधी या सुट्टीत केला, कागद काहीच केला नाही, तर चालेल काय?

निंबोणी :
तोही करू नये. हिंदू दत्तक कायद्यानुसार दत्तहोम किंवा नोंदणी अनिवार्य नाही. दत्तक देण्याच्या हेतूने मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे यालाच महत्त्व आहे. पाहुण्यांसमोर मुलीला ओटीत घेतले आणि त्याची छायाचित्रे निघाली, तर दत्तक आधीच झाले होते काय, असा प्रश्न उद्या उभा राहू शकतो. जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्यानंतर हौसेने विधी करा.