मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं, आता कोणत्या तपासण्या कराव्यात?

आमच्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आलाय. आर्सेनिक लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १०. घरातले सगळे वर्षानुवर्षं हेच पाणी पितायत. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, म्हणून पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी लगेच बदललं.

खरी काळजी पुढची आहे. चिलीतल्या अँतोफागास्ता शहरात १९५८ ते १९७० या काळात नळाला खूप आर्सेनिकचं पाणी होतं. ते शुद्ध केल्यानंतरही कित्येक दशकं तिथे फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त राहिलं. हे वाचल्यापासून झोप लागत नाही. तिथलं प्रमाण आमच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं, हे मान्य, तरीही.

बाबांच्या तळव्यांवर बारीक कडक गाठी आहेत, छातीवर फिकट-काळे ठिपके. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं की थेट फिजिशियनकडे? लघवीच्या तपासणीत अलीकडच्या काही दिवसांचंच आर्सेनिक कळतं, आणि त्याआधी मासे खाल्ले असतील तर आकडा फुगतो. मग जुन्या संपर्कासाठी नखं-केसांची तपासणी करून घेण्यात अर्थ आहे का? मूत्राशयासाठी नियमित काय तपासत राहावं? बाबा सिगारेट ओढतात, त्यामुळे फुप्फुसांची भीती दुप्पट वाटते.

कुणाच्या घरी असं झालं असेल, किंवा कुणी डॉक्टर असाल, तर कृपया सविस्तर सांगा.